पंचवीस मीटरांची पाठशाळा

संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यांत न्यू हॅम्पशर नांवाचें एक लहानसें संस्थान आहे. बोस्टन शहरांतून उत्तरेकडे मोटारीनें निघालें म्हणजे तासाभरांत त्याची सीमा लागते, आणि हळूहळू घरें विरळ होऊन पाइन व मेपल वृक्षांची दाटी सुरू होते. या प्रांतांत वसंत ऋतु चोरपावलांनीं येतो. एप्रिल अखेर होत आला तरी बहुतेक झाडें निष्पर्ण असतात. मेपलच्या फांद्यांवर तांबूस कळ्या मात्र दाटलेल्या दिसतात, आणि वितळलेल्या बर्फानें कच्च्या रस्त्यांचा असा कांहीं राडा होतो कीं तेथील लोक या दिवसांस ‘चिखलाचा ऋतु’ असें स्वतंत्र नांव देऊन मोकळे झाले आहेत. चारांच्या जागीं पांच ऋतु मानणाऱ्या या लोकांचें, सहा ऋतु मानणाऱ्या आपणांस नवल वाटूं नये.

अशा चिखलाच्या ऋतूंत, 2025 सालच्या एप्रिलमधील शेवटल्या शनिवारीं व रविवारीं, एका टेकडीच्या कुशींत भरलेली रायफलच्या नेमबाजीची दोन दिवसांची पाठशाळा पाहण्याचा योग आम्हांस आला. हा योग आमच्या इच्छेनें आला नाहीं, घरगुती तहाच्या एका कलमानें आला.

आमचा पुतण्या गेलीं अठरा वर्षें नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक आहे. त्याची कन्या, म्हणजे आमची नात, चवदा वर्षांची. तिच्या एका मैत्रिणीच्या घरची मंडळी या पाठशाळेस जाणार होती, आणि आपणहि जाणार असा हट्ट नातीनें धरला होता. यावरून घरांत दोन पक्ष पडले. पुतण्याचें म्हणणें, शिकूं द्या, अंगीं शिस्त येईल. सूनबाईंचा मात्र कडवा विरोध. आणि तो निराधार होता असें कोण म्हणेल? शाळेंतील मुलांवर गोळ्या झाडल्या जाण्याचे प्रसंग त्या देशांत वारंवार घडले आहेत. 14 डिसेंबर 2012 रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील न्यूटाउन येथें प्राथमिक शाळेंत वीस बालकें व सहा मोठीं माणसें प्राणांस मुकलीं. दिवे मालवून, दाराला कडी घालून, वर्गाच्या कोपऱ्यांत श्वास रोखून बसण्याची कवाईत आमच्या नातीनें बालवर्गापासून केलेली आहे.

“काका, तुम्हीच सांगा,” सूनबाई आम्हांस म्हणाल्या, “ज्या वस्तूच्या भयानें माझी पोर शाळेंत अंधारांत बसते, ती वस्तु मीं तिच्या हातांत हौसेनें द्यावी काय?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शेवटीं तह झाला तो असा: घरांत बंदूक कदापि येऊं नये, आणि वडील माणसांपैकीं कोणी तरी दोन्ही दिवस पोरीच्या पाठीशीं उभें राहावें. तें वडील माणूस आम्ही ठरलों. परदेशांतून अल्पकाळ आलेल्या पाहुण्यानें बंदूक हातीं धरण्यास तेथील कायद्याचे निर्बंध आहेत. त्यामुळें आमच्या वांट्याला निव्वळ प्रेक्षकाची भूमिका आली.

या उपक्रमाचें नांव ‘ॲपलसीड’, म्हणजे सफरचंदाचें बीं. जॉन चॅपमन नांवाचा एक विलक्षण गृहस्थ 1774 सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत जन्मला, आणि पुढें पश्चिमेकडील नव्या वसाहतींतून सफरचंदाच्या रोपवाटिका लावीत हिंडला. ‘जॉनी ॲपलसीड’ म्हणून तो तेथील लोककथांत अमर झाला आहे. त्याच्या नांवाचा आधार घेऊन, ठिकठिकाणीं बीं पेरीत जावें या कल्पनेनें, नॉर्थ कॅरोलायनांतील जॅक डेली यांनीं विसाव्या शतकानंतरच्या पहिल्या दशकांत हा उपक्रम सुरू केला. तो चालविणाऱ्या संस्थेच्या नांवांत ‘क्रांतियुद्धांतील निवृत्त सैनिक’ असे शब्द आहेत. अमेरिकेचें क्रांतियुद्ध 1783 मध्यें संपलें; तेव्हां तसा सैनिक आज सांपडणें शक्य नाहीं हें उघड आहे. पण आजच्या सैन्यांतून निवृत्त झालेले लोक मात्र या पाठशाळांत पुष्कळ दिसतात, कांहीं शिकवावयास व कांहीं, आश्चर्य असें कीं, शिकावयास. शिक्षक सर्व हौशी, विनावेतन. त्यांच्या डोक्यावर तांबडी टोपी. आणि जे अद्याप शिक्षकाचेंच शिक्षण घेत आहेत त्यांच्या डोक्यावर नारिंगी.

शनिवारीं सकाळीं आठास आम्ही पोंचलों तों आभाळ भरलेलें, मधून मधून झिमझिम. एका बाजूस पत्र्याची लांब पडवी. तिच्यापुढें गवताचा पट्टा. आणि पंचवीस मीटरांवर लांकडी चौकटींच्या रांगेमागें मातीचा उंच बांध. एवढेंच तें मैदान. आमच्याकडील तालमीचा आखाडा जितका साधा, तितकेंच हें साधें. शिकणारे सुमारें वीस. त्यांत आमच्या नातीसारख्या तीन मुली, एक बारा वर्षांचा मुलगा, एक तरुण जोडपें, एक किराणा दुकानदार, आणि नातीच्या डाव्या हाताला, पुढच्याच सतरंजीवर, पंचाहत्तरीच्या घरांतील एक उंच, कृश गृहस्थ. हे विसाव्या वर्षीं व्हिएतनामच्या युद्धांत होते. तेथून परतल्यावर पन्नासांहून अधिक वर्षांत त्यांनीं बंदुकीस हात लावला नव्हता. आज तो बारा वर्षांचा नातू बरोबर होता. ‘त्यानें कोणाकडून तरी शिकावयाचेंच असेल, तर मी शेजारीं असावें’ एवढेंच कारण त्यांनीं आम्हांस सांगितलें. आमचें काम त्यांच्या कामासारखेंच आहे हें कळतांच त्यांनीं आपल्या थर्मासमधील कॉफी आम्हांस देऊं केली.

पहिला तासभर एकहि बार झाला नाहीं. बंदुका गवतावर ठेवलेल्या, काडतुसांच्या पेट्या काढून घेतलेल्या, आणि प्रत्येक बंदुकीच्या पोटांत भडक रंगाची एक पट्टी खोंचलेली. ती पट्टी दुरून दिसली म्हणजे नळींत काडतूस नाहीं याची खूण. मग मुख्य शिक्षिकेनें (होय, मुख्य शिक्षक एक पन्नाशीची बाई होती, आणि तिचा आवाज कवाईतीच्या हवालदारासारखा खणखणीत होता) चार नियम सांगितले. नळीचें तोंड सदैव निर्भय दिशेस असावें. हुकूम झाल्यावांचून काडतूस भरूं नये. नेम धरला जाईपर्यंत चापावर बोट नेऊं नये. आणि चौथा नियम: आपल्या शेजारचा माणूस हे नियम पाळतो आहे कीं नाहीं हें पाहणें आपलें काम आहे.

या चौथ्या नियमानें आम्ही थक्क झालों. ‘बार बंद’ असें ओरडण्याचा अधिकार त्या मैदानावर सर्वांस आहे, मग तो शिक्षक असो वा बारा वर्षांचा पोर. आणि तो शब्द कानीं पडतांच कर्नलानेंहि बोट काढून घ्यावें लागतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस मुलांनीं वडिलांस टोंकणें अंगवळणीं पडलेलें नाहीं. परंतु शनिवारीं दुपारीं खरोखरच असें घडलें. महागडी, दुर्बीण लावलेली बंदूक घेऊन आलेल्या एका गृहस्थानें, बंदूक फिरवितांना तिचें तोंड रांगेकडे थोडेंसें वळविलें, आणि आमच्या नातीचा बारीक आवाज पडवीभर घुमला. सर्व रांग थांबली. शिक्षिकेनें त्या गृहस्थाला बाजूस नेऊन हळू आवाजांत कांहीं सांगितलें. आणि परत येतांना नातीकडे पाहून नुसती मान हलविली. दुसऱ्या कोणीहि तिचें कौतुक केलें नाहीं, कीं तिला उद्धटहि म्हटलें नाहीं.

प्रथम प्रत्येकानें एका कागदी निशाणावर तेरा गोळ्या झाडावयाच्या, म्हणजे आपण किती पाण्यांत आहों हें आपलें आपणांस कळतें. तेरा अशासाठीं कीं प्रारंभीं अमेरिकन वसाहती तेरा होत्या. त्या कागदावर लाल डगलेवाल्या शिपायाच्या चार आकृति असतात, एकीहून एक लहान. मीटरें पंचवीसच, पण आकृतीचा आकार असा कीं तीं शंभर, दोनशें, तीनशें व चारशें यार्डांवर उभीं असलेलीं माणसें भासावीं. शेवटची आकृति पाहण्यासच आम्हांला चष्मा पुसावा लागला. बंदुका बहुतेकांच्या बावीस बोअरच्या, हलक्या, धक्का जवळजवळ न देणाऱ्या. नातीच्या तेरांपैकीं चार लागल्या. शेजारच्या आजोबांच्या पांच. दुर्बीणवाल्यांच्या किती लागल्या तें त्यांनीं कागद घडी करून खिशांत घातल्यामुळें समजलें नाहीं.

त्यानंतर जें शिक्षण सुरू झालें तें बंदुकीचें कमी आणि देहाचें अधिक होतें. पालथें निजावें, डावें कोपर बंदुकीच्या बरोबर खालीं यावें, उजवा पाय गुडघ्यांत वांकवून वर ओढून घ्यावा, म्हणजे पोट जमिनीवरून किंचित् उचललें जातें आणि हृदयाचे ठोके व श्वास बंदुकीस कमी हलवितात. चामड्याचा किंवा कापडी पट्टा दंडाभोवतीं असा आवळावा कीं बंदूक हाडांवर तोललेली राहील, स्नायूंवर नव्हे. स्नायु थकतात, थरथरतात. हाड थकत नाहीं. हें ऐकून आम्हांस योगासनांच्या वर्गाची आठवण झाली. स्थिर आणि सुखकर तें आसन, ही व्याख्या त्या चिखलांत निजलेल्या मंडळींस कोणी सांगितली नसली तरी ती मंडळी तीच गोष्ट शोधीत होती.

यापुढचा पाठ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला. निशाणावर नेम धरावा, मग डोळे मिटावे, अंग सैल सोडावें, एक श्वास घेऊन सोडावा, आणि डोळे उघडावे. बहुतेकांची बंदूक आतां निशाणावर नसतेच; ती चार बोटें डावीकडे वा उजवीकडे गेलेली असते. देह स्वभावतः जिकडे पाहत होता तिकडे ती गेली. आधीं ती निशाणावर दिसली, कारण हाताच्या जोरानें आपण तिला तिथें दाबून धरली होती. आतां नवशिक्याला मोह होतो तो पुन्हा हातानेंच तिला ओढण्याचा. तो मोह टाळून, कोपर जागचें न हलवितां, कंबरेपासून खालचें सर्व शरीर थोडें सरकवावें, पुन्हा डोळे मिटावे, पुन्हा उघडावे. आणि असें करीत करीत, डोळे उघडतांच नेम आपोआप निशाणावर असेल अशी जागा शोधावी. नात या एकाच गोष्टींत पाऊण तास रमली होती. चिखल हनुवटीस लागलेला, केस डोळ्यांवर आलेले, आणि तोंडानें अक्षर नाहीं. घरीं जिच्या हातचा टेलिफोन जेवतांनाहि सुटत नाहीं तीच ही मुलगी काय, असा प्रश्न आम्हांस पडला.

नंतर डोळ्यांचा पाठ. द्रोणाचार्यांनीं शिष्यांची परीक्षा घेतली तेव्हां अर्जुनास पक्ष्याच्या डोळ्याखेरीज कांहींच दिसत नव्हतें, ही कथा आपल्या घरोघरीं मुलांस सांगतात; आम्हींहि ती नातीस आदल्या रात्रीं सांगितली होती. आणि येथें तांबडी टोपीवाली बाई नेमकें उलट सांगत होती! दृष्टि निशाणावर ठेवूं नका. नळीच्या टोंकावरील माशीवर ठेवा. मनुष्याचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तु स्पष्ट पाहूं शकतो. निशाण स्पष्ट पाहाल तर माशी अस्पष्ट होईल, आणि माशी केसभर चुकली तर पंचवीस मीटरांवर गोळी बोटभर चुकेल. तेव्हां निशाण धुरकट दिसूं द्या. माशी मात्र लखलखीत दिसली पाहिजे. नातीनें मागें वळून आमच्याकडे पाहिलें. “आजोबा, अर्जुनाकडे माशी नव्हती,” असें म्हणून तिनें आमची अडचण आपणच सोडविली. धनुष्याला माशी नसते हें खरें, आणि एवढ्यावर महाभारत व अमेरिका यांचा समेट होण्यास हरकत नसावी.

आमच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेंत, 1963 नंतर कांहीं वर्षें, महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची होती. त्या सक्तीच्या जोरावर आम्हींहि बावीस बोअरच्या रायफलीनें पांच पांच गोळ्या झाडलेल्या आहेत. पण तेव्हां मागील रांगेंतील मुलें पुढच्यांस घाई करीत, आणि काडतुसें मोजून परत देण्याच्या चिंतेनें शिक्षकांस शिकविण्यास सवड नसे. महाराष्ट्रांत पुढें या विद्येचें जें तेज पसरलें त्याचें श्रेय आमच्या पिढीस मुळींच नाहीं. कोल्हापुरच्या तेजस्विनी सावंत यांनीं 2010 सालीं म्यूनिक येथें पालथ्या आसनाच्या नेमबाजींत जगज्जेतेपद मिळविलें. आणि त्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकांत, गुडघ्यावर बसून, पालथें निजून व उभें राहून अशा तिन्ही आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक पटकाविलें. हीं नांवें आम्हीं शिक्षिकेस सांगितलीं, तेव्हां तिनें तीं कौतुकानें लिहून घेतलीं.

दुपारच्या एका कसरतीविषयीं लिहिलेंच पाहिजे. दोघां-दोघांच्या जोड्या लावतात. एकानें निजावें, दुसऱ्यानें त्याच्या बंदुकींत काडतूस भरावें, किंवा भरल्याचें नुसतें सोंग करावें. निजलेल्यास काय भरलें तें ठाऊक नसतें. तो चाप ओढतो. काडतूस नसलें तर नुसता ‘टिक्’ असा आवाज होतो. आणि त्या क्षणीं बंदुकीचें तोंड जर खालीं दबलें, तर समजावें कीं गोळी सुटण्याआधींच हा मनुष्य दचकतो आहे. बार झाला असता तर ही दचक धक्क्यांत लपली असती. मौनानें ती उघडी पडते.

आजोबांची जोडी आमच्या नातीशीं जुळली. त्यांच्या बंदुकीचें तोंड प्रत्येक वेळीं दबत होतें. पहिल्या तीन खेपांस नात गप्प राहिली. वडील माणसास कसें सांगावें, हा आपल्याकडचा संकोच तिच्या रक्तांतून गेलेला नाहीं हें पाहून आम्हांस बरें वाटलें, आणि थोडें वाईटहि. चौथ्या खेपेस तिनें हळूच सांगितलें. आजोबांनीं बंदूक खालीं ठेवली, गालाखालीं हात घेतला, आणि बराच वेळ बांधाकडे पाहत पडून राहिले. नंतर म्हणाले, ही दचक येथली नव्हे. नातीनें त्यावर कांहीं विचारलें नाहीं. त्यापुढें कितीतरी वेळ ती त्यांच्या बंदुकींत काडतूस न भरतां भरल्याचें सोंग करीत राहिली, आणि ते चाप ओढीत राहिले, टिक्, टिक्, टिक्. पाऊस पत्र्यावर वाजत होता. विसावी कीं पंचविसावी खेप असेल, नळीचें तोंड हललें नाहीं. तेव्हां तिनें खरें काडतूस भरलें. तीहि गोळी शांतपणें गेली. त्यानंतरची मात्र पुन्हा दचकून गेली. असल्या गोष्टी एका दुपारीं सुटत नाहींत.

भोजनाच्या सुटींत इतिहास सांगण्याची येथें प्रथा आहे. 19 एप्रिल 1775 चा दिवस. त्यास आदल्याच आठवड्यांत अडीचशें वर्षें पूर्ण झालीं होतीं. बोस्टनहून सुमारें सातशें इंग्रज शिपाई रातोरात कॉन्कर्डकडे दारूगोळा जप्त करावयास निघाले. पहांटे लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर कॅप्टन पार्करच्या सत्याहत्तर माणसांशीं त्यांची गांठ पडली आणि आठ वसाहतवाले ठार झाले. मग कॉन्कर्डच्या उत्तर पुलावर उलट बार झाले. शिक्षिका ही कथा अशी सांगत होती कीं हातांतली भाकरी (तेथली ती पावाचीच) हातांत राहावी. तिच्या कथेंतील दोन माणसें आमच्या ध्यानांत राहिलीं. एक ॲक्टन गांवचा आयझॅक डेव्हिस, तीस वर्षांचा, धंद्यानें बंदुका घडविणारा. त्यानें घरामागें निशाणें उभारून आपल्या गांवकऱ्यांस महिनोगणती सराव दिला होता. पुलाकडे सर्वांपुढें तोच गेला, आणि शत्रूच्या पहिल्याच खऱ्या फैरींत पडला. दुसरा सॅम्युएल व्हिटमोर, सुमारें ऐंशीचा, पूर्वींच्या युद्धांतील मुरलेला. परतणाऱ्या फौजेवर त्यानें एकट्यानें हल्ला केला. तोंडावर गोळी लागली, संगिनीचे अनेक वार झाले, मेला म्हणून सोडून दिला, आणि तो पुढें 1793 पर्यंत जगला! हें ऐकून पडवींतील सर्व पांढऱ्या डोक्यांनीं एकमेकांकडे पाहिलें.

आम्हांस एक शंका होती ती आम्हीं विचारली. त्या दिवशींच्या मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांजवळ बहुतेक गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या; त्यांचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरंवशाचा नसे. खांचेदार नळीच्या रायफली बाळगणाऱ्या तुकड्या पेन्सिल्व्हेनिया, मेरीलंड व व्हर्जिनिया येथून बोलावण्याचा ठराव 14 जून 1775 रोजीं झाला. मग रायफलीचें माहात्म्य त्या दिवसाशीं कसें जोडावें? शिक्षिकेनें प्रांजळपणें मान्य केलें, आणि म्हणाली कीं आम्ही त्या दिवसापासून हत्यार घेत नाहीं, सराव घेतों. उत्तर आम्हांस पटलें. मात्र लेक्सिंग्टन येथें जखमी झालेल्यांत प्रिन्स एस्टाब्रुक नांवाचा एक कृष्णवर्णी गुलाम होता, तें आम्हांस दुसऱ्या दिवशीं एका पुस्तकांत वाचावयास मिळालें. स्वातंत्र्यासाठीं गोळी खाणाऱ्या त्या माणसाच्या स्वतःच्या स्वातंत्र्याचा हिशेब कोणत्या कागदावर मांडावा?

रविवारीं ऊन पडलें, आणि सूनबाई आल्या. कोणी बोलाविलें नव्हतें. डबा विसरला म्हणून आल्या असें त्यांनीं सांगितलें. डबा विसरला नव्हता. पडवीच्या टोंकास आमच्या शेजारीं त्या उभ्या राहिल्या, कानांवर रक्षक टोप चढविला, आणि पहिल्याच फैरीला त्यांचे डोळे घट्ट मिटले.

रविवारची परीक्षा अशी असते: चाळीस गोळ्या, चार फेऱ्या. पहिल्या दहा उभें राहून, दोन मिनिटांत. दुसऱ्या दहा बसून, पंचावन्न सेकंदांत. तिसऱ्या दहा पालथें निजून, पासष्ट सेकंदांत. आणि शेवटच्या दहा पालथें निजूनच, पण सर्वांत लहान आकृतीवर, सावकाश, पांच मिनिटांत. या शेवटच्या फेरीचे गुण दुप्पट. एकंदर अडीचशें, दोनशें दहा मिळविणाऱ्यास एक कापडी बिल्ला देतात. बिल्ल्याची किंमत रुपया-दीड रुपयाची असेल. पण त्यासाठीं मंडळी चिखलांत लोळून दिवसभरांत चार चार वेळां परीक्षा देत होतीं. आजोबांस बसण्याचें आसन साधेना. गुडघे वळत नव्हते. त्यांचे एकशें बेचाळीस झाले. त्यांचा नातू दुपारीं कंटाळून मोटारींत जाऊन झोंपला. बिल्ला दोघांसच मिळाला: किराणा दुकानदारास, आणि तरुण जोडप्यांतील पत्नीस. आमच्या नातीचे शेवटच्या खेपेस दोनशें तीन. सात कमी पडले. ती रडेल असें आम्हांस वाटलें, पण तिनें कागद उन्हाकडे धरून प्रत्येक भोंक मोजलें, कोणती गोळी कोठें गेली आणि कां, तें तारखेसह कागदाच्या कडेला लिहिलें, आणि बंदूक संस्थेची होती ती परत करावयास गेली.

सूनबाई तोंवर आजोबांशीं बोलत होत्या. काय बोलणें झालें तें आम्हांस पूर्ण कळलें नाहीं. त्यांनीं विचारलें असावें कीं भीति वाटत नाहीं काय, कारण आजोबांचें उत्तर आम्हीं ऐकलें: वाटते, नेहमींच वाटते, ज्याला वाटत नाहीं त्याच्या शेजारीं मी निजणार नाहीं. मोटारींत बसल्यावर सूनबाई म्हणाल्या, “काका, बंदूक घरांत येणार नाहीं, तें कायम आहे.” आम्हीं मान डोलावली. त्यांचें म्हणणें आम्हांस आजहि बरोबर वाटतें. ज्या देशांत खरेदी इतकी सोपी, तेथें घराच्या उंबरठ्याशीं एखाद्या आईनें अडून बसावें हें योग्यच. आणि पोरीनें ते दोन दिवस जें मिळविलें तेंहि आम्हांस खोटें वाटत नाहीं. दोन्हींचा मेळ कसा घालावा तें आम्ही मोटारींत बसून बराच वेळ पाहिलें, जमलें नाहीं.

सोमवारीं पुतण्यानें रजा काढून आम्हां सर्वांस कॉन्कर्डला नेलें. उत्तर पूल लहान, लांकडी, कमानदार; मूळचा नव्हे, 1956 सालीं पुन्हा बांधलेला. खालून संथ नदी, कांठीं पाणथळ कुरणें. पलीकडे डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकारानें घडविलेला, 1875 सालीं उभारलेला शेतकरी उभा आहे. एक हात नांगरावर, दुसऱ्यांत बंदूक. अलीकडे, भिंतीशीं, पुलावर पडलेल्या इंग्रज शिपायांची थडगीं. वर लॉवेल कवीच्या ओळी कोरलेल्या, आणि समोर इंग्लंडचीं चिमुकलीं निशाणें रोंवलेलीं. त्या ओळी सूनबाईंनीं दोनदां वाचल्या. त्या ओळींत एका आईचा उल्लेख आहे.

नात तेवढ्यांत पावलें मोजीत पूल ओलांडून गेली, आणि पलीकडून ओरडून आंकडा सांगूं लागली. वाऱ्यामुळें तो आम्हांस नीट ऐकूं आला नाहीं. परत येतांना तिनें बापाला विचारलें कीं पुढची पाठशाळा सप्टेंबरांत आहे, जाऊं का? बापानें आईकडे पाहिलें. सूनबाई म्हणाल्या, “आधीं परीक्षा होऊं दे. मग पाहूं.” आणि मग भुका लागल्या होत्या म्हणून आम्ही सर्व गांवांत जेवावयास गेलों.